रेघ माणसाची, भिंतीची की झाडाची? : वाचकांचे कलाविषयक प्रश्न

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्याची आवराआवर करताना एक चित्र हाती लागले. ते साधारण 20 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर उंच असेल. सगळे काम काळ्या शाईचे आहे. दुसरा रंग कुठेही नाही. मधोमध नऊवारी नेसलेली एक स्त्री पायऱ्यांवर उभी आहे आणि तिच्या लुगड्याचा घोळ खाली उतरता उतरता पायऱ्याच होऊन जातो. डावीकडे दगडी कमान आहे. तिला टेकून बसलेल्या पुरुषाचा खांदा कुठे संपतो आणि कमानीचा दगड कुठे सुरू होतो, हे कळत नाही. वर भिंतीत उगवलेला पिंपळ आहे आणि त्याची मुळे भिंतीवरून उतरून त्या स्त्रीच्या मोकळ्या केसांत मिसळली आहेत. चित्राखाली पेन्सिलीने 7/25 असे लिहिले असून शेजारची सही लागत नाही. हे हाताने काढलेले चित्र आहे की छापील? माझ्या नातवाच्या मते ते संगणकावर केलेले असावे. आणि मुख्य म्हणजे, या चित्राचा अर्थ काय लावायचा? सोबत छायाचित्रे जोडली आहेत.
— एक निवृत्त शिक्षिका, धरमपेठ

उत्तर : आपण छायाचित्रे अतिशय काळजीपूर्वक काढली आहेत, विशेषतः तिरप्या उजेडात घेतलेले कडेचे छायाचित्र, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर खात्रीने देता येते. हे एचिंग आहे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून त्यावरून हाताने घेतलेला ठसा. चित्राच्या चारही बाजूंनी कागद किंचित खाली दबलेला आपल्या छायाचित्रात दिसतो. प्रेसमधून जाताना पत्रा कागदात रुतल्याची ती खूण आहे. दुसरी खूण आपण घरीच तपासू शकता. चित्र खिडकीजवळ आडवे धरून भिंगातून पाहिले, तर गडद रेघांची शाई कागदाच्या पातळीहून किंचित वर उचललेली दिसेल. पुस्तकातल्या छपाईत भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसते आणि संगणकावरून काढलेल्या प्रतीत शाईचे बारीक तुषार दिसतात. यांपैकी काहीही आपल्या चित्रात आढळणार नाही.

तिसरी खूण मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती चित्राच्या आतच आहे. त्या स्त्रीचा पदर उजव्या खांद्यावर आहे. आपल्याकडे नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावरून घेतात, आणि वाड्यांच्या पायऱ्या, पिंपळ, लुगड्याचा काष्टा इतक्या बारकाईने जाणणाऱ्या चित्रकाराला हे ठाऊक नसणे शक्य नाही. पत्र्यावर जे काढावे ते कागदावर आरशातल्यासारखे उलटे उमटते. या चित्रकाराने आधी कागदावर रेखाटून, ते उलटे करून पत्र्यावर उतरवण्याचा खटाटोप केलेला नाही. त्याने किंवा तिने थेट पत्र्यावरच सुई चालवली आहे. मला यात एक प्रकारचा आत्मविश्वास दिसतो, आणि रेघांचा जो मोकळेपणा आपल्या छायाचित्रांतही जाणवतो त्याचे कारणही बहुधा हेच आहे.

आता अर्थाविषयी. अर्थाकडे जाण्याआधी हे चित्र कसे तयार झाले ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण माझ्या मते या चित्रातली माणूस, वास्तू आणि झाड यांची सरमिसळ त्याच्या घडणीतूनच आलेली आहे. तांब्याचा किंवा जस्ताचा गुळगुळीत घासलेला पत्रा घेऊन त्यावर मेण, डांबर आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर देतात. त्या थरावर सुईने चित्र काढतात. सुई धातू कापत नाही, फक्त थर खरवडून धातू उघडा करते. मग पत्रा आम्लात बुडवला की जिथे जिथे धातू उघडा आहे तिथे तिथे आम्ल तो खाते आणि चर तयार होतात. थर पुसून टाकल्यावर चरांमध्ये शाई भरतात, वरची शाई खळ दिलेल्या जाळीदार कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसतात, ओलसर कागद पत्र्यावर ठेवून वर नमद्याचे जाड थर घालतात आणि सगळे मिळून प्रेसच्या दोन रुळांतून काढतात. तो दाब इतका असतो की मऊ झालेला कागद चरांत शिरून शाई उचलून आणतो.

या रीतीत गालाची रेघ, दगडाची रेघ आणि मुळाची रेघ एकाच सुईने, एकाच थरातून, एकाच आम्लात तयार होते. तैलचित्रात कातडीचा रंग वेगळा कालवावा लागतो आणि पानांचा वेगळा. तिथे माणूस आणि झाड रंगानेच विभक्त होतात आणि त्यांना एकत्र आणायला चित्रकाराला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. एकरंगी एचिंगमध्ये ते मुळातच एका द्रव्याचे असतात, आणि चित्रकाराचे कष्ट त्यांना वेगळे करण्यात जातात. म्हणून कुठे वेगळे करायचे आणि कुठे करायचे नाही, हा या माध्यमातला खरा निर्णय असतो. एकरंगी चित्राला ‘रंग भरायचे राहून गेलेले’ चित्र समजण्याची सवय आपल्याकडे बरीच आढळते आणि ती मला मनापासून खटकते. आपल्या चित्रात हिरवा आणि तपकिरी रंग असता, तर पिंपळाची मुळे केसांत शिरलीच नसती; रंगांनी त्यांना सीमेवरच अडवले असते.

आपल्याला माझी विनंती अशी आहे की ‘या चित्राचा अर्थ काय’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवावा आणि भिंग घेऊन ‘ही रेघ आपले काम कुठे बदलते’ एवढेच पाहावे. लुगड्यापासून सुरुवात करा. कमरेखाली चुण्यांच्या रेघा उभ्या आणि लांब आहेत. पोटरीपाशी त्या तुटक होतात. दुसऱ्या पायरीजवळ त्यांच्यावर आडव्या रेघांचे एक जाळे येते, आणि तिथे तीच उभी रेघ कापडही असते व पायरीच्या उभ्या बाजूवरची सावलीही असते. तिसऱ्या पायरीला उभ्या रेघा संपतात. उरतो तो फक्त दगड. नेमके कोणत्या रेघेला लुगडे संपले, हे सांगता येत नाही, आणि ते सांगता येऊ नये अशीच योजना आहे. तसेच पुरुषाच्या पाठीकडे पाहा. त्याच्या खांद्याला बाह्यरेषाच दिलेली नाही. त्याच्या पाठीवरची सावली ज्या तिरप्या रेघांनी भरली आहे, त्याच रेघा न थांबता कमानीच्या चिऱ्यावर जातात. याउलट त्या दोघांच्या चेहऱ्यांभोवती कागद जवळजवळ कोरा सोडला आहे. म्हणजे अंगे घराला दिली आहेत, पण चेहरे दिलेले नाहीत. हा निर्णय चित्रकाराने जाणूनबुजून घेतलेला आहे, आणि अर्थ शोधायचाच असेल तर मी तो इथून शोधायला सुरुवात करीन.

ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. सांचीच्या पूर्वेकडील तोरणावर आंब्याच्या फांदीला लोंबकळलेली यक्षी आहे. ती स्त्री आहे, झाडाशी एकजीव आहे आणि त्याच वेळी तोरणाच्या कोपऱ्यातला कंसासारखा वास्तुभागही आहे. सुमारे 2000 वर्षांपूर्वी दगडात साधलेली ही गोष्ट आपल्या मंदिरशिल्पांत पुढेही येत राहिली. आणि महालात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना भिंतीत उगवलेला पिंपळ काय करतो हे सांगावे लागत नाही. त्याचे रोप विटांच्या सांध्यात बोटभर असते तेव्हा कुणी उपटत नाही. पुढे मूळ जाड होत जाते, चुना फुटतो, आणि एक वेळ अशी येते की झाड काढले तर भिंतच येईल. भोसलेकालीन वाड्यांच्या पडक्या भिंतींवर हे दृश्य आजही पाहायला मिळते. आपल्या चित्रातली मुळे कमानीला फोडत आहेत की धरून ठेवत आहेत, हे चित्रकाराने उघड सांगितलेले नाही. वाड्यात राहिलेल्या माणसाला दोन्ही खरे वाटेल.

एचिंगच्या परंपरेतही या तीन घटकांचे नाते अनेकांनी निरनिराळे मांडले आहे. डच चित्रकार रेम्ब्रांट याने 1643 मध्ये केलेल्या ‘तीन झाडे’ या चित्रात पहिल्या नजरेला फक्त टेकाडावरची झाडे आणि वादळी आभाळ दिसते. बराच वेळ पाहिल्यावर उजवीकडच्या दाट झुडपाच्या काळोखात बसलेले प्रेमी युगुल सापडते, डावीकडे मासे धरणारा माणूस सापडतो, आणि टेकाडावर चित्र काढत बसलेला एक जणही सापडतो. माणसे निसर्गात लपली आहेत, आणि ती लपवणारी झुडपे नुसत्या एकमेकींवर चढवलेल्या रेघांची आहेत. इटलीतील पिरानेझी याने ‘काल्पनिक तुरुंग’ ही मालिका केली, तिथे वास्तूच सर्वस्व आहे. प्रचंड कमानी, जिने आणि पूल यांच्यात माणूस मुंगीएवढा उरतो. 1761 मध्ये त्याने जुन्याच पत्र्यांवर पुन्हा काम करून ते अधिक काळे आणि अधिक गुंतागुंतीचे केले व दोन नव्या चित्रांची भर घालून संख्या 16 केली. आपल्या देशात लक्ष्मा गौड यांची एचिंग अवश्य पाहावीत. त्यांचा जन्म 1940 सालचा, आताच्या तेलंगणातील निझामपूर गावचा, आणि त्यांनी बडोद्याला शिक्षण घेतले. त्यांच्या करड्या छटांच्या चित्रांत गावातली स्त्रीपुरुष माणसे, शेळ्या आणि झाडेझुडपे एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की फांदी आणि हात यांत फरक करावासा वाटत नाही. अनुपम सूद यांच्या एचिंगमध्ये मात्र शहराच्या भिंती येतात आणि माणसाचे शरीर त्या भिंतींसमोर एकटे, जड आणि स्पष्ट उभे राहते. आपल्या चित्राचा अनोळखी कर्ता या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे असे मला वाटते, कारण त्याने अंगे मिसळू दिली आणि चेहरे राखले.

सही वाचता येत नसल्याने चित्रकार कोण, हे मी सांगू शकत नाही. चित्राची मागची बाजू आणि जुन्या चौकटीचा पाठीचा पुठ्ठा टाकून देऊ नका; प्रदर्शनाची चिठ्ठी किंवा चौकट करणाऱ्याचा शिक्का पुष्कळदा तिथेच असतो.

प्रश्न : मी नागपुरातच चित्रकलेचे शिक्षण घेत आहे. सीताबर्डीच्या जुन्या इमारती, रस्त्यावरची माणसे आणि कडुनिंबाची झाडे एकाच पत्र्यावर गुंफण्याचा प्रयत्न करतो आहे. पण छाप घेतला की सगळे सारखेच करडे दिसते आणि काहीच पुढेमागे होत नाही. सर म्हणतात, रेखाटन चांगले आहे पण खोली नाही. मी जस्ताचा पत्रा वापरतो. काय करावे?
— एक विद्यार्थी, लक्ष्मीनगर

उत्तर : आपल्या वर्णनावरून असे दिसते की आपण सगळे चित्र आधी सुईने पूर्ण काढता आणि मग पत्रा एकदाच आम्लात ठेवता. तसे केल्यास प्रत्येक रेघ सारखीच खोल होणार, प्रत्येक चरात सारखीच शाई मावणार आणि जवळचा माणूस व दूरची गच्ची सारख्याच वजनाने छापली जाणार. सुईवर जोर देऊन रेघ गडद होत नाही. ती आम्लात किती वेळ राहिली यावर तिची गडदता ठरते. सतराव्या शतकात फ्रान्सच्या जाक काल्लो याने याच तत्त्वावर तळहाताएवढ्या पत्र्यात शेकडो माणसे आणि त्यांच्यामागचे अख्खे शहर बसवून दाखवले. पत्रा थोडा वेळ आम्लात ठेवून बाहेर काढायचा, धुऊन वाळवायचा, जे फिके राहायला हवे (दूरच्या इमारती, आभाळ) त्यावर वॉर्निश लावून ते झाकायचे आणि उरलेले पुन्हा आम्लात सोडायचे. असे तीनचार टप्पे केले तरी पुढचे आणि मागचे आपोआप सुटे होऊ लागते.

यानंतर राळेचे काम, म्हणजे अ‍ॅक्वाटिंट. पत्र्यावर राळेची बारीक भुकटी सारखी बसवून खालून आच देतात, त्यामुळे कण वितळून पत्र्याला चिकटतात. आम्ल त्या कणांच्या भोवतालचा धातू खाते आणि रेघेऐवजी सलग करडा पट्टा मिळतो. काही सेकंदांत फिका आणि काही मिनिटांत जवळजवळ काळा, असा त्याचा आवाका असतो. आपल्या विषयासाठी मी एक सूचना करीन : इमारत, माणूस आणि कडुनिंब यांना तीन वेगळ्या छटा देऊ नका. तसे केले की ते कातरून चिकटवल्यासारखे दिसतात. त्याऐवजी एकच करडी छटा इमारतीच्या सावलीतून माणसाच्या अंगावर आणि तिथून झाडाच्या बुंध्यावर चालत जाऊ द्या, आणि फरक करायचा तो रेघेच्या दिशेने करा. भिंतीला उभ्याआडव्या सरळ रेघा, अंगाला गोलाई धरून वळणाऱ्या, पानांना आखूड आणि मोडत जाणाऱ्या. वरच्या पत्रातील चित्रात हेच साधले आहे. आणि कोरा कागद कुठे राखायचा, हे पहिल्या दिवशीच ठरवा. एकदा आम्लाने खाल्लेली जागा पुन्हा पांढरी करायची तर खरवडणीने आणि घोटणीने तासन्‌तास घासावे लागते, आणि तरीही ती पहिल्यासारखी स्वच्छ होत नाही.

नागपूरच्या हवामानाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो तेव्हा आम्लाची क्रिया वेगाने होते आणि मेणाचा थर मऊ पडून सुटू लागतो. डिसेंबरमध्ये लिहून ठेवलेली वेळ मे महिन्यात वापरू नका. त्याच धातूच्या तुकड्यावर आधी चाचणीची पट्टी करून, किती वेळात किती गडद होते ते पाहा. भिजवलेला कागदही उन्हाळ्यात शाई पुसून होईपर्यंत वाळतो, म्हणून टीपकागदांच्या थप्पीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा. जस्तासाठी पातळ नायट्रिक आम्ल वापरत असाल तर त्याच्या वाफा फुप्फुसांना घातक आहेत, हे कधीही विसरू नये. खिडक्या उघड्या आणि पंखा बाहेर हवा फेकणारा असावा, हातमोजे व चष्मा असावा, आणि नेहमी पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी कधीही घालू नये. राळेची भुकटी उडवताना तोंडावर योग्य मुखपट्टी हवी आणि जवळ ज्योत नको, कारण हवेत पसरलेली ती भुकटी पेट घेते.

प्रश्न : एचिंगखाली लिहिलेल्या 7/25 याचा अर्थ 25 नकला असा असेल, तर अशा चित्राला मूळ चित्र कसे म्हणावे? मला एक एचिंग विकत घ्यायचे आहे, परंतु घरच्यांचे म्हणणे आहे की छापील चित्रासाठी एवढे पैसे कशाला मोजायचे.
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : नक्कल म्हणायला आधी मूळ लागते, आणि इथे कागदावरचे असे मूळ चित्र अस्तित्वातच नसते. पत्रा हे साधन आहे. चित्र पहिल्यांदा जन्मते ते छाप घेतल्यावर. 25 ही त्या पत्र्यावरून घ्यायच्या छापांची चित्रकाराने ठरवलेली मर्यादा आणि 7 हा त्यांतील एकाचा क्रमांक. प्रत्येक छापासाठी पत्र्यावर नव्याने शाई भरावी आणि पुसावी लागते, त्यामुळे दोन छाप अगदी सारखे कधीच नसतात. विकत घेताना कागदावर पत्र्याची दबलेली कड आहे का, सही आणि क्रमांक पेन्सिलीचे आहेत का, आणि सर्वांत गडद भागात शाई दाट बसली आहे की विटकी, एवढे पाहा. क्रमांक लहान म्हणजे चित्र अधिक चांगले, असा समज आहे, पण त्यावर विसंबू नका. छाप ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने त्यांना क्रमांक दिलेले असतात असे नाही. घरच्यांना चित्र तिरप्या उजेडात धरून दाखवा.

प्रश्न : आमच्या दिवाणखान्यातील एचिंगवर तपकिरी ठिपके आले आहेत आणि कागद लाटांसारखा झाला आहे. चौकट काचेची आहे, तरीही असे का व्हावे?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : चौकटीत काच कागदाला टेकलेली असावी आणि मागे साधा पुठ्ठा असावा, असा माझा अंदाज आहे. साध्या पुठ्ठ्यातील आम्लता हळूहळू कागदात उतरते, आणि काच व कागद यांच्यात दमटपणा कोंडला की बुरशी धरते. चित्र आम्लरहित माउंटमध्ये, म्हणजे भोवती जाड पुठ्ठ्याची कड ठेवून, बसवून घ्यावे, जेणेकरून काच आणि कागद यांत थोडी जागा राहील; आणि चौकट करणाऱ्याला स्पष्ट सांगावे की कागदाची मोकळी कड कापायची नाही आणि मागून चिकटपट्टी किंवा गोंद लावायचा नाही. पुष्कळ चित्रांची पत्र्याची खूण आणि क्रमांक अशा कापाकापीतच गेले आहेत.

कागदाला लाटा येण्याचे कारण मात्र नागपूरच्या घरांत बहुतेक वेळा कूलर असते. मार्च ते जून कूलरच्या ओल्या झोतासमोरच्या भिंतीवर चित्र असेल, तर दिवसभर कागद दमट होतो, कूलर बंद झाला की आखडतो, आणि लगेच पावसाळा सुरू होतो. चित्र झोताच्या वाटेतून काढून आतल्या, ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावा, चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे लावून भिंतीपासून अंतर ठेवा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये अधूनमधून काढून मागची बाजू पाहा, कारण कसर तिथूनच शिरते. आलेले ठिपके घरी पुसण्याचा किंवा रसायनाने घालवण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. कागद जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे चित्र नेईपर्यंत ते चौकटीतून काढून दोन आम्लरहित कागदांमध्ये, सपाट आणि कोरड्या जागी ठेवावे.